चांदणीला न मानवलेलं धोंड्याचं वाण

काटेवाडी, २० जून १९९९

तीर्थरूप मामांच्या पायांशी जावई ज्ञानेशचा दंडवत. अनिता, मी आणि तिन्ही गाई खुशाल आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जागचं हलू नका म्हटलंय, ते पाळता ना? मामींनी केलेल्या धोंड्यांची चव अजून जिभेवर आहे.

पत्रास कारण, अधिक महिन्यात तुम्ही वाण म्हणून दिलेलं सीडीचं यंत्र. (तक्रार नाही. जावयानं वाणात खोट काढू नये, एवढं मला कळतं.) "वॉकमनचे दिवस संपले," असं पुण्याच्या दुकानदारानं तुम्हाला सांगितलं होतं. ते ऐकून मी भर पंगतीत कमरेचा जुना वॉकमन काढून तुमच्या हातात ठेवला आणि आता मला हा काय करायचाय, असं मोठ्या दिमाखात म्हणालो. सगळ्यांनी ते ऐकलं, हे फार वाईट झालं.

यंत्र उत्तम आहे. टेबलावर ठेवलं की गवई घरात आल्यासारखं वाटतं. फक्त आपण हलायचं नाही. बांधावरून उडी मारली की अख्खं कडवं गायब. मोटारसायकलवर तर बारामती येईपर्यंत एकच ओळ ऐकली, तीही अर्धी. सेल दीड दिवसात संपतात. खिशात मावेना म्हणून अनितानं पिशवी शिवली. ती गळ्यात घालून डेअरीत गेलो, तर सोनबातात्या म्हणाले, "ज्ञाना, डबा कुणाला न्हेतोयस रं?"

पण खरा घोटाळा गोठ्यात झाला. कानाला वॉकमन लावून गुणगुणत धार काढायची माझी चार वर्षांची सवय. आता यंत्र अडकलं की मीही तीच अर्धी ओळ घोळवत बसतो. मंगळवारी अकराव्या वेळेला चांदणीनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं आणि बाराव्या वेळेला लाथ घातली. बादली गोठ्याबाहेर, यंत्र शेणात. (पुसलंय, चालतं. शेणात होतं तेवढा वेळ मात्र सलग गात होतं.) तेव्हापासून ती पान्हा चोरते. आठ लिटरची पाचावर आली. डेअरीत तोंड दाखवायची सोय राहिली नाही.

मामींना नमस्कार सांगा.

तुमचा,
ज्ञानेश

ता. क. माझा वॉकमन तुम्ही वापरत नसाल, तर निमगाव केतकीहून इकडं येणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठवा. गाईसाठी हो! मामींना दुरुस्तीला धाडला म्हणून सांगा.

आणखी ता. क. पाकीट चिकटवणार तेवढ्यात अनिता धार काढून आली. अजिबात न गाता. चांदणीनं साडेनऊ लिटर दिलं. अनिता म्हणते, "चार वर्सं बिचारी तुमचं गाणं सोसत हुती." तेव्हा वरचं गाईचं सगळं खोडलं असं समजा. तरी वॉकमन पाठवाच, मामा. तो मलाच हवाय. त्याच्याशिवाय करमत नाही, खरंच सांगतो. हे यंत्र अनिताच्या पिशवीसकट तुमच्याकडं पाठवतो. तुमचा गुडघा बरा होईपर्यंत ते अगदी नीट गाईल.