दुसऱ्या गाण्यातला खोकला

मंगळवार, दिवेआगर

जुन्या मैफलींची रेकॉर्डिंग जमवणाऱ्या आमच्या ग्रुपचा एकच नियम आहे: मैफलीचं रेकॉर्डिंग जसं मिळालं तसंच पुढे द्यायचं, टाळ्या, खुर्च्यांचे आवाज, सगळ्यासकट. तो मीच मोडला.

दिघीच्या हमीदभाईंनी मस्कतला नोकरीत असताना एका हॉटेलात ब्लूजची मैफल टेप केली होती. ती कॅसेट त्यांनी विश्वासानं माझ्याकडे दिली. कॉम्प्युटरवर उतरवताना मी दुसऱ्या गाण्यातला खोकला पुसून टाकला आणि तसंच रेकॉर्डिंग त्यांना पाठवलं. केवढी खूश होते स्वतःवर!

आज त्यांचा फोन आला. "ताई, गिटार एकदम साफ झाली. पण आमची बेगम कुठं गेली?"

मला कळेचना.

"तिचाच खोकला तो. रेकॉर्डिंगची वाट लावलीस म्हणून तेव्हा लई बोललो तिला." हसले. मग हळूच म्हणाले, "दुसरा आवाज नाय माझ्याकडं तिचा."

भाभींना जाऊन दोन वर्षं झाली. खोकला म्हणजे कचरा, हे मी कसं ठरवलं?

मूळ फाइल उडवलेली. कॅसेट पुन्हा लावायची, तर फीत मागच्याच वेळी दोनदा अडकली होती. आता तुटली तर...

दिवेलागणीला लावलीच. दुसऱ्या गाण्यात गिटार ऐन रंगात आली, पण माझं लक्ष कुठे होतं तिकडे! आणि आला खोकला. छोटासा, ओढणीत दाबल्यासारखा.

काहीही न पुसता पाठवला. आत्ताच हमीदभाईंचं उत्तर आलंय: "ऐकला, ताई. आता नाय रागावणार तिला."