पाठीमागचा पत्रा

१२ जून १९७७, औंध

आज आले. एसटीच्या टपावरून ट्रंक, वळकटी, स्टोव्ह आणि यांची हत्यारांची पेटी उतरवताना हमालाने विचारलं, बाई, ह्यात काय दगडं भरल्यात व्हय? लोखंड आहे, म्हटलं. शाळेच्या बाईला लोखंड कशाला लागतं, हे तो घरापर्यंत विचारत राहिला.

घर छान आहे. दोन खोल्या, मागे लिंबाचं झाड, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून यमाईचा डोंगर दिसतो. घरमालक भाऊसो लष्करातून निवृत्त झालेले, भरघोस मिशांचे. परसातली शेडही वापरा म्हणाले, पण तिथे आधीच एक भाडेकरू आहे. बघायला गेले तर ट्रक! लढाईच्या वेळचा, लष्कराने पुढे विकून टाकलेला. फुगीर मडगार्ड, लाकडी हौदा, चाकं काढून विटांवर उभा, आणि सीटवर एक खुडूक कोंबडी. सांगलीकडून भंगारात घेतला होता, म्हणे. ऊस वाहायचा बेत होता, पण एकदाही सुरू झाला नाही.

मी मडगार्डवरून हात फिरवला. यांना पेन्शनीनंतर अगदी असाच एक ट्रक घेऊन दुरुस्त करायचा होता. पेन्शनीला वर्ष असताना ते गेले. मी भाऊसोंना म्हटलं, मी करून बघू का? ते खोकला येईपर्यंत हसले. बाई, ही गाडी तुमी चालू केली तर मी मिशा काढून तुमच्या हातात देतो. मग म्हणाले, करा काय करायचं ते. चालली तर चालवा.

खूप दिवसांनी आज भूक लागली.

३ जुलै

दर रविवारी शेडमध्ये. बाकीच्या कोंबड्या भाऊसोंकडे हलवल्या. खुडूक कोंबडीला पिल्लं निघेपर्यंत सीट देऊन टाकली.

कार्बोरेटर उघडला. इतकी वर्षं यांच्या शेजारी बसून पाने हातात दिले, त्यामुळे कुठल्या नटाला कुठला पाना हे माझ्या बोटांना ठाऊक आहे. का, ते ठाऊक नाही. म्हणून काढलेला प्रत्येक भाग जुन्या चादरीवर ओळीने मांडते, आणि त्याच ओळीने उलट बसवत जाते.

शेजारची रंगूबाई दूध घालायला येते आणि पालथ्या घमेल्यावर बसून राहते. आज म्हणाली, लेकराला न्हाऊ घालावं तसं करताय की वो बाई. मग जीभ चावली. मला मूल नाही, हे तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी हसले. खरं तर मला आवडलं ते.

२१ ऑगस्ट

केबिन धुऊन काढली. मागे खिडकी नाही, नुसता पत्रा आहे. दुपारी दमून स्टिअरिंगमागे बसले, चहा घेत. पाठीमागच्या पत्र्यावर थाप पडली. मग अजून एक. सावकाश, उघड्या तळहाताची.

हौद्यात बसलेली माणसं गाडी थांबवायला अशीच ठोकतात. यांच्या नोकरीपायी लष्करी छावणीत असताना बाजाराच्या ट्रकमधून मी स्वतः कितीदा ठोकलं आहे. त्यामुळे गंमत अशी झाली, की माझा पाय आधी ब्रेकवर गेला आणि मग आठवलं, गाडीला चाकंच नाहीत. उतरून पाहिलं. हौदा रिकामा. भाऊसोंचा बोका असेल.

११ सप्टेंबर

पुन्हा थाप. या वेळी रंगूबाई घमेल्यावर होती. तिने मान वर करून विचारलं, मागं कोन हाय? म्हणजे माझ्या एकटीच्या कानांचा खेळ नाही. दोघी जाऊन पाहून आलो, कोणी नव्हतं. पत्रा उन्हानं वाजतो, ती म्हणाली, आमच्या घरावरचा बी वाजतो. आज सकाळपासून आभाळ भरलेलं होतं.

ती गेल्यावर पुन्हा वाजलं. मी मागे गेले, खिट्ट्या काढून हौद्याचा मागचा फाळका खाली सोडला आणि कंडक्टर म्हणतो तसं म्हणाले, उतरा.

नंतर दिवसभर शांत होतं. संध्याकाळी भाकरी थापताना वाटलं, घरात पाहुणे येऊन गेले.

२ ऑक्टोबर

सुरू झाला! सेल्फ काही घेत नाही, हँडल मारावं लागतं, आणि तेही असं की खांदा निखळावा. पण घुरघुरला, थरथरला, आणि सुरू झाला. अर्धी आळी गोळा झाली. रंगूबाई भाऊसोंना म्हणाली, आवं, न्हाव्याला बोलवू का? भाऊसो मिशीवर हात ठेवून घरात गेले, ते पुन्हा बाहेर आलेच नाहीत.

बायका म्हणाल्या, बाई, म्हसवडच्या सिद्धनाथाच्या जत्रेला न्या आमाला. एसटीत उभं राहून जीव जातो. यांनी मला छावणीच्या मैदानावर ट्रक शिकवला होता, लायसन आहे. मी हो म्हटलं. त्यांनी लगेच कोण चटणी करणार, कोण दशम्या, हे ठरवायला घेतलं, आणि माझ्या वाट्याला शेंगदाण्याचे लाडू आले. कोणाच्या तरी यादीत माझं नाव येऊन किती दिवस झाले होते.

फक्त हौद्याच्या फळ्यांमधून धूर वर येतो. सायलेन्सरची नळी कुजली आहे. बदलायला हवी.

१६ नोव्हेंबर

दिवाळीच्या सुटीत नळी घेऊन, गाडी आली त्या सांगलीकडे, कुपवाडला गेले. आकाराम नावाच्या वेल्डरने ती हातात फिरवली आणि कुठल्या गाडीची म्हणून विचारलं. मी नंबर सांगितला. त्याने नळी खाली ठेवली. ती अजून हाय व्हय, म्हणाला.

त्याचा थोरला भाऊ सिद्धू ही गाडी चालवायचा. बाहत्तरच्या दुष्काळात माणदेशातले काही धनगर गडी कृष्णाकाठी कामाला आले होते. जत्रेला गावी परत निघाले, तेव्हा सिद्धूने त्यांना गाडीत घेतलं. थंडी होती, म्हणून चारी बाजूंनी ताडपत्री आवळून बांधली. गडी आत ढोल वाजवून गात होते. नळी हौद्याखाली तुटली होती आणि सगळा धूर आत जात होता. त्यांनी पाठीमागचा पत्रा ठोकला. सिद्धूला वाटलं, गाण्याचा ठेका धरलाय. तो पुढे बसून त्यांच्याबरोबर गात होता. मग आवाज थांबला. त्याला वाटलं, झोपले. म्हसवडात फाळका सोडला, तर कोणीच उतरलं नाही.

सिद्धूने त्यानंतर गाडी चालवली नाही. दारावरून लग्नाची वरात गेली तरी तो कानांत बोटं घालून बसतो.

आकारामने नवी नळी करून दिली. म्हणाला, बाई, ऊस घाला, खत घाला. मानसं घालू नका.

२० नोव्हेंबर

नळी बसवली. पुढचा जोड नीट आला. मागचा क्लॅम्प काही केल्या बसेना, तो तारेने आवळून टाकला. गाडी तासभर चालू ठेवली. फळ्यांतून धूर नाही.

फाळका उघडून बराच वेळ उभी राहिले. तुम्ही उतरायचं होतं, म्हटलं. मी सोडते आहे ना, उतरा.

आता कळतं, ते गडी माझ्याकडे येत नव्हते. ते फक्त बाहेर येऊ बघतात. तरीही थाप ऐकू आली की मी जेवते आहे की नाही हे विचारायला कोणी आलं, असं मला अजून वाटतं.

२७ नोव्हेंबर

रंगूबाईला आज सांगणार होते. ती म्हसवडला नेसायचं लुगडं दाखवायला आली होती, हिरवं, मोराच्या काठाचं. तिच्या माहेरची भावजय पण येणार आहे. मागच्या आळीतल्याही येतात. सगळ्या जणी मला आता रस्त्यात थांबवून बोलतात.

सांगितलं तर येणार नाहीत. जत्रेला तर नाहीतच, घमेल्यावर बसायलाही नाहीत. पुन्हा मी आणि माझा स्टोव्ह.

नळी नवी आहे. मी स्वतः बसवली आहे. आता काय होणार?

लुगडं छान आहे म्हटलं.

४ डिसेंबर

चाकं चढवून गाडी अंगणात काढली. दिवसाउजेडी, सगळ्यांसमोर वाजलं. गाडी बंद होती. भाऊसो हौद्यात पेंढा पसरून नुकतेच उतरले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. ते घरात गेले.

फाळका उघडला. उतरा म्हटलं. वाजतच राहिलं.

आता उघडूनही थांबत नाही.

१० डिसेंबर

शाळेत फळ्यावर लिहीत होते. मागे एका मुलीने बाकावर हात आपटला. खडू हातातून पडला.

भाऊसो आले होते. दारातूनच म्हणाले, बाई, न्हाई गेलं तर चालंल की. मी म्हटलं, बायकांनी दशम्या केल्यात.

लाडू झाले. सगळ्यांना पुरतील.

११ डिसेंबर, वडूजच्या अलीकडे

पहाटे निघालो. वही पिशवीत होती, म्हणून लिहिते. हात स्थिर राहतो.

वारा बोचरा. बायकांनी ताडपत्री बांधून घेतली. मी म्हटलं, उघडी असू द्या. रंगूबाई म्हणाली, भावजय बाळंतपणातून उठलीया, गारठून मरंल की वो. बांधली.

दोनच मैल झाले आणि पत्रा वाजला. थांबवली. खाली उतरून विचारलं. कोणीच ठोकलं नव्हतं.

दहिवडी

तिसऱ्यांदा थांबले. तिन्ही वेळा नाही म्हणाल्या. आता चिडल्यात. एक म्हणाली, बाई काय कुनाला सोडून आल्यात का मागं, सारखं बगत्यात. हसल्या सगळ्या.

रंगूबाई ताडपत्रीतून डोकं काढून म्हणाली, आता आमी गानी म्हननार, पत्रा बडवनार. ठोकलं तरी थांबू नका. गाडी एकदम म्हसवडात.

बरं, म्हटलं.

दहिवडीच्या पुढे

ओढ्यातल्या दगडावर गाडी आदळली. खाली काहीतरी खणखणलं. बघायला हवं. पण मागून असं जोरात वाजायला लागलं की गाडी कशीबशी कडेला घेतली. रेडिएटर तापलाय असं ओरडून सांगितलं. गाडी बंद केली नाही. आता हँडल मारायचं बळ नाही माझ्यात.

मागे गाणं चाललंय. ठेका धरलाय. बरं वाटतं ऐकायला. इतक्या जणी आहेत माझ्याबरोबर.

पाच मिनिटं बसते —

त्यांना सांगायला हवं होतं. म्हसवडात सांगेन. देवापुढे सांगेन, मग घमेल्यावर परत नाही बसल्या तरी —

गाणं थांबलं. ठोके चालू आहेत.

म्हणजे हे तेच. ओळखते मी. सकाळपासून तेच मला थांबवतायत. वळून बघणार नाही. उतरणार नाही. कितीदा फाळका सोडायचा मी, तुम्हीच उतरत नाही तर —

एकच हात राहिलाय. हळू.

थांबला.

सुटले.

किती शांत. ताडपत्रीची दोरी तेवढी वाऱ्याने आपटते. डोकं जड झालंय, पेट्रोलच्या वासाने असेल. रंगूबाईला हाक मारली. पहाटेच्या उठलेल्या आहेत सगळ्या. झोपल्या असतील —

झोपल्या असतील, हे कोणी —

नळी नवी आहे. तार मी —

त्यांनी ठोकलं की नुसता पत्रा वाजतो. गडी होते ते. मघाशी पत्र्याबरोबर काकणं वाज