डाव्या गालावरचा ठिपका

वन्सं,

दाराबाहेर चपला काढून, वाकून, हळूच आत आले आहे असं समजा, आणि मला चटईच्या खालच्या टोकाला जरा बसू द्या. तुमचे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला गेला का? लाइसानीचं नर्सिंगचं शिक्षण चाललंय ना नीट? मागच्या नाताळात तिनं भाचीच्या हक्कानं मामाच्या घरून डुकरीण नेली, ती व्याली का? (आम्ही कुणी काही बोललो नाही. भाचीनं मामाच्या घरातलं काहीही उचललं तरी बोलायचं नसतं. नुसतं विचारते.) इथं सगळे बरे आहेत. केलेराला खालचे दात आलेत, तुमच्या आई ठणठणीत आहेत, आणि मला कसावाचा घास गिळवत नाही. 

माझी शाळा तुम्हांला ठाऊक आहे, तेव्हा अक्षराला हसू नका. फोनच केला असता, पण फोन वाजला की तुमच्या आई शेजारी येऊन बसतात, आणि त्यांना कमी ऐकू येतं ते फक्त कामाचं. म्हणून त्या आत्ता खेकडे धरायला गेल्या आहेत तेवढ्यात लिहिते. पाद्रीणबाई आजच्या बोटीनं सुवाला निघाल्यात. त्यांच्याबरोबर हे पत्र आणि दालोचे कंद पाठवते. कंद आधी बघा म्हणजे पत्र वाचताना राग कमी येईल.

झालं असं की तुमचा भाऊ ऑस्ट्रेलियात द्राक्षं तोडायला गेला तेव्हा केलेरा पोटात होती. त्यानं पैसे पाठवले ते पाण्याच्या टाकीसाठी. उरतील त्यात एक साधा फोन घे म्हणाला, पोरीचं तोंड तरी दिसेल. मी पोरीला कडेवर घेतलं आणि लंबासाला गेले. टाक्यांचं दुकान रस्त्याच्या अलीकडं, फोनचं पलीकडं. मी आधी पलीकडं गेले. ऊन होतं, आणि त्या दुकानात गार हवा होती. तिथं एक लॅपटॉप उघडून ठेवला होता आणि त्यात समुद्राच्या तळाशी कासव पोहत होतं. वन्सं, आपण कासवं बघतच वाढलो, पण इतकं कासव मी खऱ्या कासवातसुद्धा बघितलं नव्हतं. केलेरानं हात पुढं केला आणि खुदकन हसली. ही पोरगी अनोळखी माणूस दिसला की घर डोक्यावर घेते. माझ्या मनात एकच होतं, बाप घरी येईल तेव्हा त्याला बघून हिनं किंचाळू नये. त्या विक्रेत्यानं मला बरोबर ओळखलं. नवरा कुठं असतो विचारलं, आणि म्हणाला, यात तुम्हांला त्याच्या पापणीचा केस न् केस दिसेल, पडद्यावर लाखो ठिपके असतात ना, म्हणून. मला वाटलं लाखो ठिपके म्हणजे माल खराब असणार. तसं बोललेही. तो हसला. (आता मला कळतं की हसायची पाळी माझी होती.)

थोडक्यात, टाकी राहिली. तुमच्या भावाला सांगितलं, दुकानात माल यायचा आहे. तुमच्या आईंना सांगितलं, त्यानंच लॅपटॉप घ्यायला लावला. दोन्ही खोटं, पण तेव्हा वाटलं, दोघं एकमेकांशी बोलतात कुठं एवढं. तो पंधरवड्यातून एकदा फोन करायचा, आणि तेव्हाही आई हवापाण्याचंच विचारायच्या.

आपल्या गावात नेट कुठं लागतं ते तुम्हांला ठाऊक आहे, चर्चच्या पायरीवर, तेही वारा पडला तर. पहिल्या दिवशी सगळी आळी जमली. पडदा उजळला आणि तुमचा भाऊ आला. उकडलेल्या दालोवर टोपी घालावी तसा दिसत होता. पापणी कसली, डोळे कुठले ते अंदाजानं धरायचे. एवढ्या महागाच्या पडद्यावर तो धूसरपणा मात्र फार स्वच्छ दिसत होता. आणि एकच गोष्ट अगदी धारदार दिसत होती, त्याच्या डाव्या गालावरचा काळा ठिपका. मुंगीएवढा.

पहिल्यांदा तुमच्या आईंना दिसला. त्या म्हणाल्या, गालाला काय झालंय रे? तो म्हणाला, काही नाही. मग त्या म्हणाल्या, माझ्यापासून लपवतोस. पुढच्या वेळी ठिपका होताच, त्याच जागी. त्याच्या त्या उन्हातल्या कामाची गोष्ट निघाली, कुणाच्या तरी चुलत्याच्या कातडीला तिकडं काय झालं ती गोष्ट निघाली, आणि रविवारी पाद्रीबुवांनी भर चर्चमध्ये तुमच्या भावाच्या गालासाठी प्रार्थना केली. नाव घेऊन. बायकांनी एक जेवण सोडलं. मीही सोडलं वन्सं, आणि मनापासून रडले. त्या रात्री मला वाटलं, पोरीनं बापाला ओळखायचं राहिलंच, त्याच्या आधीच...

पुढच्या कॉलला आईंनी त्याला गाल पुसून दाखव म्हणून सांगितलं. त्यानं उजवा पुसला. सगळी आळी ओरडली, तो नव्हे, दुसरा. त्यानं दुसरा पुसला, आणि ठिपका त्याच्या हातावर आला. हात बाजूला केला की परत गालावर. आईंनी वाकून पडद्याकडं अगदी जवळून बघितलं. मग म्हणाल्या, हातावरही आलंय, पसरतंय.  तिकडं तुमचा भाऊ स्वतःचा हात उलटासुलटा करून बघत होता. त्याचं ते तोंड माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

खरं काय ते केलेरानं शोधून काढलं. कॉल संपला होता, बाप निघून गेला होता, पडदा नुसता पांढरा होता. ही माझ्या मांडीवरून पुढं वाकली आणि चिमटीनं काहीतरी उचलायला बघू लागली, मुंगी उचलते तशी. मी वाकून बघितलं. ठिपका तिथंच. माणूस गेला आणि गाल गेला, तरी ठिपका आपला बसलेला. आधी पुसला, मग थुंकी लावून पुसला, मग नखानं. (नखाचा ओरखडा आता वेगळा दिसतो.) मला हसू यायला हवं होतं. पण मला घामच फुटला. नवऱ्याला काही झालेलं नाही म्हणून हायसं वाटायला जेवढा वेळ लागला, त्याच्या आतच आठवलं की सगळ्या गावानं एका बिघडलेल्या लॅपटॉपसाठी उपास केला आहे.

लंबासाला परत गेले. घरी सांगितलं, पोरीला सुई टोचायची आहे. तो विक्रेता लॅपटॉप उजेडात धरून म्हणाला, एखादा ठिपका मेलेला निघतोच, कंपनीच्या नियमात बसतं, बदलून मिळणार नाही. मी म्हटलं, बाबा, तुमच्याकडं लाखो आहेत, त्यातला एक इथं बसवा की. तर म्हणाला, तसं होत नाही. मग जरा दया आली असावी, कारण त्यानं एक युक्ती शिकवली. ज्या चौकटीत नवरा दिसतो ती चौकट बोटानं थोडी सरकवायची, म्हणजे ठिपका नवऱ्यावर न येता मागच्या भिंतीवर येतो. येताना टाक्यांच्या दुकानासमोरून आले. हिरव्या टाक्या ओळीनं उभ्या होत्या. मान वर केली नाही.

मी चौकट सरकवली. तुमच्या भावाचा गाल स्वच्छ झाला. मला वाटलं, संपलं. वन्सं, संपायला कुठलं. पाद्रीबुवांनी पुढच्या रविवारी आभाराची प्रार्थना ठेवली, जमिनीत भट्टी लावली, गावजेवण झालं, आणि प्रवचनात माझं नाव घेतलं, की या सुनेनं जेवण सोडून अश्रू ढाळले. लोक वळून बघत होते. मी पोरीला दूध पाजायच्या निमित्तानं तोंड खाली घातलं ते वर काढलं नाही. आणि दोनच दिवसांनी लॅपटॉप उघडला तर चौकट परत जुन्या जागी, आणि ठिपका परत गालावर. मी काही हात लावला नव्हता. मी सरकवायच्या आतच आई म्हणाल्या, बघ, उलटलं.

आता तुमचा भाऊ खरंच घाबरला आहे, आरशात त्याला काही दिसत नाही आणि इथं सगळ्यांना दिसतं म्हणून जास्तच. रोज फोन करतो. परवा तो गालावर चिकटपट्टी लावून आला, आईंना दिसू नये म्हणून. पट्टीवर ठिपका. आई म्हणाल्या, पट्टीतून वर आलं. त्यानं डोळे मिटून घेतले आणि म्हणाला, शुक्रवारी मी मुकादमाला सांगतो, मला घरी जाऊ द्या. हंगाम मधेच सोडून जो येतो त्याला पुढं कधी बोलवत नाहीत, हे त्याला माहीत आहे आणि मलाही. मग टाकीही नाही आणि दुसरं काहीच नाही. पोरीला ओढ्याचं पाणी उकळून पाजते मी.

माझ्या एका शब्दात हे थांबेल. तो शब्द तोंडाशी येतो आणि आत जातो. त्याच्याशी एकटीनं बोलायला मिळत नाही, पायरीवर नेहमी माणसं असतात. आणि माणसांसमोर बोलायचं म्हणजे यांगोनाच्या मुळ्यांची जुडी पुढं ठेवून, गुडघ्यांवर बसून सगळ्या गावाची माफी मागायची, आईंची आधी. काल मी जुडी आणलीसुद्धा. ती दाराआड उभी आहे, मी दाराच्या अलीकडं. आई काही फार वाईट बोलणार नाहीत. नुसतं टाकीच्या जागेकडं बघतील. तेच मला नको आहे.

बाकी सगळं ठीक. दाजींना नमस्कार. गुडघ्यांना खोबऱ्याचं तेल कोमट करून लावा.

तुमची भावजय,
तोरिका

ता. क. आता कशासाठी लिहिलं ते लिहिते. तुम्ही भावाशी थेट बोलू शकत नाही, बहीणभावांनी बोलायचं नसतं, म्हणून तुम्हांला ते सांगत नाही. पण लाइसानीला बुधवारच्या बोटीनं पाठवा. तिनं यावं, जेवावं, आणि आईंदेखत म्हणावं, मामाचा हा लॅपटॉप मी नेते, मला शिक्षणाला हवा. कुणी ब्र काढणार नाही. तुमच्या भावालाही काढता येणार नाही. मग तिनं स्वतःच्या फोनवरून मामाला लावून आईंना त्याचा गाल दाखवावा, स्वच्छ. शुक्रवारच्या आत. टाकीचं मी बघेन, चटया विणून विकेन, पण तो हंगाम सोडून यायला नको. एवढं कराल तर केलेराला तुमचं नाव सांगून मोठी करीन.

आणखी ता. क. लाइसानीला सांगा, बोट सुटेपर्यंत झाकण उघडू नकोस. आणि सुवाला पोचल्यावर उघडलंस तर मधोमध थोडं बाजूला बघू नकोस. तिच्या कामाला तो चांगला आहे, अक्षरं फार बारीक दिसतात एवढंच, भिंगाचा चष्मा लागेल. डुकरिणीचं मी वर विचारलं ते मनावर घेऊ नका.

शेवटचं. पाद्रीणबाई निघाल्यात, घाईत लिहिते. आई खेकडे घेऊन आल्या. मी कागद झाकला. त्यांनी टोपली ठेवली, पाय धुतले, आणि केलेराला मांडीवर घेऊन म्हणाल्या,

"माझ्या लेकीला लिहितेस, म्हणजे लाइसानीला बोलावतेस ना? बोलाव. ठिपका पेटीत आहे ते मला केव्हाच कळलंय. त्याच्या हातावर आला त्या दिवशी. मी काय आंधळी आहे?"

 मी विचारलं, ती चौकट परत कुणी सरकवली?

"मी. पोरानं कधी पंधरा दिवसांच्या आत फोन केला नव्हता गं. ठिपका आल्यापासून रोज करतो."

टाकीचंही त्यांना माहीत आहे. त्या म्हणाल्या, तुझा नवरा टाकीऐवजी असलं काही घ्यायला सांगेल का, मी त्याला वाढवलंय. रागावल्या नाहीत. खेकडे निवडायला लागल्या. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, शुक्रवार अजून लांब आहे. आणि केलेरानं मिटलेल्या लॅपटॉपवर हात आपटून पहिल्यांदा बापाला हाक मारली. मी तिला गप्प केलं नाही.

तेव्हा वन्सं, लाइसानीला पाठवाच. यांगोनाची जुडी अजून दाराआडच आहे. पण बुधवारच्या बोटीला गर्दी असली तर तिला उगाच त्रास देऊ नका. त्याच्या पुढची, गुरुवारची बोट आली तरी चालेल.