कोट घातलेला जिवाणू

बुधवार, ४ फेब्रुवारी

ती. ताई,
नमस्कार.

आज दुपारी डिशमधल्या जिवाणूंच्या थरात मेलेल्या जागांचे मोकळे ठिपके दिसले. आमच्या प्रयोगशाळेच्या बाईंनी डिश दोनदा उजेडात धरून पाहिली आणि म्हणाल्या, "या वेळी पक्कं." तुझ्या नडगीतल्या रॉडवर ठाण मांडून बसलेल्या जिवाणूला मारणारा विषाणू सापडलाय.

इकडे सगळे ठीक. आमचे हे घोरतात. "हा मुलगा नको" म्हणाली होतीस, पण इतक्या वर्षांत खोट सापडली ती एवढीच. तेवढ्यासाठी बहिणीशी बोलणं टाकायचं? असो.

सिस्टर सांगत होत्या, तू डॉक्टरांना सुनावलंस, "एकदा गटाराचं पाणी टोचून झालं. आता पाय कापा नि मोकळे व्हा." गटाराचं खरं आहे, हे विषाणू सांडपाण्यातच मिळतात. पण तुला दिला तो गाळून, स्वच्छ करून. आणि तो तुझ्या वाटेला जाणारच नाही. ओळख पटल्याशिवाय तो कुणाच्या घरात शिरत नाही. त्याला बारीक तंगड्या असतात, त्या टेकवून जिवाणूचं अंग चाचपतो. खूण जुळली नाही, की चालला पुढे. जुळली तर पाय रोवून बसतो, भोक पाडतो आणि आपला ऐवज आत सोडतो. टरफल बाहेरच राहतं. आत त्याची पिलावळ वाढते आणि जिवाणू फुटतो. तुझ्या पेशींवर ती खूणच नाही.

मग पहिला डोस का फसला? या जिवाणूच्या अंगावर चिकट कोट असतो. आम्ही त्याला डिशमध्ये पुन्हा पुन्हा वाढवला. तिथे आयतं खायला, मारायला कुणी नाही. पठ्ठ्याने कोट उतरवून ठेवला. आम्ही त्या उघड्याला ओळखणारा विषाणू निवडला. तुझ्या पायातला मात्र कोट घालूनच बसलेला! विषाणूने चाचपलं आणि परत फिरला. बाईंनी कपाळावर हात मारला.

या वेळी जखमेतला ताजा जिवाणू घेतला. नवा विषाणू कोटच ओळखतो. जीव वाचवायला जिवाणूने कोट टाकला, तर त्या उघड्यावर पहिला विषाणूही याच डोसात आहेच. खात्री देत नाही, ताई. पण पाय गेला की परत येत नाही.

वर "आम्ही" लिहिलंय. वाढवत होते मीच. नमुन्याच्या नळीवर पेशंटचं नाव नसतं, नुसता नंबर असतो. ती तुझी होती, हे मला डोस फसल्यावर कळलं.

उद्या सकाळच्या राउंडला डॉक्टर तुला नव्या डोसबद्दल शेवटचं विचारतील. तू नाही म्हणालीस, तर परवा ऑपरेशन. हो म्हण. डोस घेऊन मीच येणार आहे. वॉर्डच्या दाराशी थांबेन. हाक मारलीस तर आत येईन, नाहीतर सिस्टरांच्या हाती देऊन मागे फिरेन. माझ्यावरचा राग ठेव हवा तर, पण डोस घे.

उद्या दाराबाहेर उभी असलेली,
तुझी चिमणी