शैलाची ओटी

शुक्रवार, नाशिक

लाज वाटतेय स्वतःची. कॉन्व्हेंटमध्ये माझ्याच बाकावर बसणारी शैला. तिचा नवरा आता परराज्यात राज्यपाल आहे. ती माहेरी आली म्हणून महिला मंडळाने हळदीकुंकू ठेवलं. दारातच आमच्या पर्स तपासल्या, तेव्हाच माझं डोकं फिरलं. मी ओटीचा नारळ पुढे केला, तर हिने पदर पसरलाच नाही. शेजारच्या अधिकाऱ्याने ट्रे धरला.

मी मुद्दाम मोठ्याने म्हणाले, "ओटी पदरात घेतात, शैलाबाई! का राजभवनात पदरही शिपाईच पसरतो?"

सगळ्या हसल्या. तीही हसली. मग माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "अगं, फोटोत घसरू नये म्हणून सकाळीच पदर पिनांनी टाचून देतात. मला एकटीला सोडवता येत नाही. तू काढतेस?"

मी हात पुढे करणार, तोच अधिकारी म्हणाला, "मॅडम, उशीर होतोय." ती त्याच्यामागे निघाली.

इतक्या पिना. समोर उभी राहून मला दिसल्या कशा नाहीत? की बघायच्याच नव्हत्या?

आत्ता मंडळातल्या मालतीचा फोन आला होता. "बरं सुनावलंस हं तिला!"

आणि मी काय म्हणाले? थँक यू म्हणाले.