ओळख पटली की बंद होणारा दरवाजा

समुद्रपूर, शनिवार

वडीलधारे महादेवरावजी यांच्या सेवेशी, मुक्काम गिरड.

तुमच्या लहान बहिणीचा नवरा बंडू याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (उजव्या अंगठ्याले पट्टी आहे, पण नमस्काराले अडत नाई.) तब्येत कशी आहे? गुडघा आता जिन्यावर कुरकुरते का? सेवाग्रामच्या डॉक्टरनं सांगतलेले व्यायाम तुम्ही करता की वहिनीले करून दाखवाले लावता? हरभरा कसा निघाला? आमच्याकडं सगळं खुशाल आहे. म्हणजे घरात मी एकटाच आहे, अन् वरण बुधवारपासून तेच आहे, पण खुशाल आहे.

तुम्ही म्हणाल, फोन असताना पत्र कायले? तर तुमच्या फोनवर मी तीनदा लावला. तिन्ही वेळा तुमच्या बहिणीनं उचलला अन् माहा आवाज ऐकून राँग नंबर म्हणून ठेवून देल्ला. एकतीस वर्षांचा संसार, महादेवरावजी, अन् राँग नंबर! म्हणून हे पत्र गिरडच्या गाडीच्या कंडक्टरच्या हातात देऊन राह्यलो. तिनं आपली बाजू तुम्हाले सांगतली असंल. चांगली दोन दिवस सांगतली असंल. दुसरी बाजू वायरिंगची आहे, ते मी सांगतो.

तुम्हाले माहीतच आहे, तुमची बहीण बचत गटाची अध्यक्ष आहे. चौदा बाया, एक चक्की, एक गोदाम, अन् गोदामात छतापर्यंत हळद. औंदा पुण्याच्या एका मसाल्याच्या कंपनीनं सगळी हळद आम्हीच घेतो म्हणून कळवलं, पण अट टाकली. गोदामात कोण गेलं, कवा गेलं, याची आपोआप नोंद पाहिजे. म्हणजे चेहरा पाहून दरवाजा उघडणारं मशीन पाहिजे. येत्या सोमवारी सकाळी दहाले त्याइचा साहेब तपासाले येणार आहे. दरवाजा चालला तर हळद गेली पुण्याले, नाई चालला तर हळद अन् बाया एकमेकींच्या तोंडाकडं पाहत बसतीन. बैठकीत शकुंतलाबाई (गटाची सचिव, जीभ तिखट पण मनानं सरळ) म्हणाली की नागपूरचा माणूस बोलवा. त्यावर तुमची बहीण उभी राह्यली. म्हणाली, घरचा मिस्त्री असताना बाहेरचा कायले? ज्यानं अर्ध्या तालुक्याच्या विहिरीवरच्या मोटारी जोडल्या, त्याच्यानं एक दरवाजा होणार नाई? मी बाहेर चपलांपाशी बसून सारं ऐकत होतो. चारचौघीत तिनं माही तारीफ केली ते पयल्यांदाच. (घरात करते असंही समजू नका.) माही छाती अशी फुगली की शर्टाची वरची गुंडी तुटली, ते अजून लागली नाई.

तर खोकं उघडलं. आत एक वीतभर काळ्या काचेचं मशीन. त्याले वरच्या बाजूले दोन डोळे, एक साधा अन् एक अंधारात पाहाचा. मागून रंगीत वायरींचा झुपका, एकेक वायर शेवईसारखी. आम्ही अंगठ्याएवढी केबल सोलणारी माणसं, ते वायर सोलता सोलता आतली तारच तुटून हातात येऊन राह्यली. मग बारा व्होल्टचा सप्लाय, त्याले बॅटरी, कारण आमच्याकडची लाईन पाहुण्यासारखी येते. चौकटीवर बसवाले एक जाड चुंबक अन् त्याची लोखंडी पाटी दरवाजावर लावाले. आतून बाहेर पडाले एक बटन. अन् एक पुस्तिका, अर्धी इंग्रजी, अर्धी चिनी. पुस्तिका मी जशीच्या तशी खोक्यात ठेवली. पुस्तक वाचून मोटार जोडणारा मिस्त्री मी आजवर पाह्यला नाई, अन् या वयात मले तसा व्हाचंही नव्हतं.

आता इथं थोडं लक्ष देजा, कारण सारा घोळ इथंच आहे. मशीनच्या पोटात एक स्विच असते. चेहरा ओळखला की ते टक् करते. त्याले तीन टोकं. मधल्या टोकात करंट देल्ला, तर एका बाजूले तो एरवी जात नाई, टक् झाल्यावर जाते. दुसऱ्या बाजूले एरवी जात असते, टक् झाल्यावर बंद होते. मी जन्मभर स्टार्टरची हिरवी बटनं जोडली. हिरवं दाबलं, करंट गेला, पाणी आलं. करंट गेला म्हणजे काम झालं, हे माह्या हाताले इतकं पाठ आहे की हात डोक्याले विचारतच नाई. चुंबकाची वायर मी पयल्या बाजूले लावली. चेहरा दाखवला, टक् वाजलं, हिरवा दिवा लागला, मी पक्कड पुसून पिशवीत टाकली अन् चहा पेलो. (दरवाजावरची पाटी वेल्डर दुसऱ्या दिवशी सकाळी बसवणार होता, म्हणून दरवाजा ढकलून पाह्याचा राह्यला. हे माहं चुकलं. लिहून देतो.) मशीनमध्ये तवा तीनच चेहरे भरले होते. तुमची बहीण, शकुंतलाबाई, अन् तपासासाठी मी. तुमची बहीण अध्यक्ष, म्हणून मशीनची मालकीणही तिलेच केलं. बाकीच्या बाया उद्घाटनानंतर भरू, असं ठरलं.

मंगळवारी उद्घाटन झालं. बायांनी रांगोळी काढली, नारळ फोडलं, शकुंतलाबाईनं मशीनले हळदकुंकू लावलं ते नेमकं डोळ्यावर (ते मी हळूच धोतरानं पुसलं). तुमची बहीण हिरवं लुगडं नेसून समोर उभी राह्यली. मशीननं थँक यू म्हटलं. टक् वाजलं. तिनं दरवाजा ढकलला, दरवाजा जागचा हलला नाई. पुन्हा चेहरा, पुन्हा थँक यू, पुन्हा टक्, पुन्हा दरवाजा भिंत. शकुंतलाबाईनं आपला चेहरा दाखवला, तिचंही तेच. तेवढ्यात बाजूच्या वावरातला तानबा आपली बकरी शोधत आला. मशीनकडं त्यानं ढुंकूनही पाह्यलं नाई. सरळ दरवाजा ढकलला, आत गेला, पोत्यामागं पाह्यलं, बकरी नाई म्हणून बाहेर आला, अन् एवढ्या बाया काऊन जमल्या म्हणून मलेच विचारून राह्यला. आता तुमच्या ध्यानात आलं असंल. चुंबकाचं मोटारीहून उलटं असते. करंट असला की ते धरते, गेला की सोडते. मी जोडलेल्या दरवाजाले एरवी कुलूपच नव्हतं, अन् ओळखीचा माणूस दिसला की तेवढे पाच सेकंद लागत होतं. पण हे मले आज समजते. तवा नाई समजलं. तवा बाकीच्या तेरा बाया तोंडाले पदर लावून हासून राह्यल्या होत्या, अन् कोणीतरी मागून म्हणालं की बंडूजीनं अध्यक्षबाईलेच बाहेर काढलं.

इथं माणसानं गप्प बसाचं असते. मले ते जमलं नाई. माह्या कामात खोट आहे हे माह्या डोक्यात शिरलंच नाई, अन् तोंड डोक्याच्या आधी उघडलं. मी म्हणालो, "वायरिंग बरोबर आहे. तुह्या चेहऱ्यातच फॉल्ट असंल."

तुमची बहीण रागावली असती तर बरं झालं असतं. ते रागावली नाई. हातातली आरतीची थाळी तिनं शकुंतलाबाईकडं देल्ली अन् एवढंच म्हणाली, "ज्या दरवाजाले माह्या चेहऱ्याचा त्रास होते, ते तुमचं तुम्ही सांभाळा." घरी आली, पिशवी भरली, दुपारच्या गाडीनं गिरडले आली. पुढचं तुम्हाले माहीत आहे. जिनं चारचौघीत मले वर चढवलं, तिलेच मी चारचौघीत खाली पाडलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पण महादेवरावजी, मी ठरवलं. नागपूरचा माणूस या दाराशी येणार नाई. तिनं बैठकीत उभं राहून शब्द देल्ला आहे, अन् ते शब्द सोमवारी दहा वाजता खरा होईल म्हणजे होईल, मग माही बोटं झडली तरी बेहत्तर. बुधवारी सकाळी सारं सोडलं, पुस्तिका काढली, चष्मा लावला, अन् शाळेतल्या पोरासारखा एकेक अक्षर लावून बसलो. चित्र पाहून घोळ समजला तवा तिथंच गोदामाच्या पायरीवर स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. वायर या टोकाची त्या टोकाले केली. आता चुंबकानं धरलं, पण शकुंतलाबाईनं एक धक्का देल्ला अन् दरवाजा उघडला. मीटर लावलं. सप्लायपाशी बारा व्होल्ट, चुंबकापाशी नऊ. म्हणजे तीन व्होल्ट त्या शेवईनं वाटेतच खाल्ले. जाड वायर ओढली. मग चुंबक सुटलं की मशीन स्वतःच बंद होऊन पुन्हा चालू होऊन राह्यलं. त्याचं औषध एक लवंगेएवढा काळा तुकडा होता, चुंबक सुटताना मागं झटका मारते ते अडवाचा. तो मी पयल्याच दिवशी फालतू समजून कचऱ्यात टाकला होता. कचरा चाळला, सापडला, लावला. मग संध्याकाळचं ऊन नेमकं काचेवर आलं अन् मशीन कोणालेच ओळखेना. तेलाचा डबा कापून त्याले टोपी केली (अंगठ्याची पट्टी तिथली). आता बॅटरीवर चालते, उन्हात चालते, मी दोन्ही पाय उचलून लटकून पाह्यलं तरी सुटत नाई.

अन् गुरुवारी दुपारी तेराही बाया चक्कीवर होत्या, तवा मी तिथं गेलो अन् मोठ्यानं सांगतलं की चूक माह्या हाताची होती, कोकिळाच्या चेहऱ्याचा काही संबंध नाई. चक्की बंद करून सांगतलं, नाईतर ऐकू आलं नसतं. तिकडं हळद उडून सगळ्यांचे चेहरे पिवळे, कोण हासून राह्यलं अन् कोण नाई तेही दिसेना. शकुंतलाबाई म्हणाली की हे आम्हाले सांगून काय उपयोग, जिले सांगाचं ते गिरडले बसली आहे.

तर अशी हकीकत आहे. मी काही तुमच्या बहिणीले बोलावून राह्यलो नाई. भावाच्या घरी राह्याचा तिले हक्क आहे, पाहिजे तेवढं राहो. माहं काम मी एकट्यानं पुरं केलं आहे अन् मले कोणाची मदत नको. वहिनीले नमस्कार, नातवंडांना माह्यातर्फे एकेक गालगुच्चा.

तुमचा,
बंडू

ता. क. एक बारीक गोष्ट राह्यली. बारा बायांचे चेहरे अजून भराचे आहेत, अन् दरवाजा पाच सेकंदच उघडा राहते ते पंधरा कराचे आहेत, कारण डोक्यावर पोतं घेऊन पाच सेकंदात कोणती बाई आत जाणार? पण त्यासाठी मशीनच्या सेटिंगमध्ये जा लागते, अन् ते फक्त मालकिणीचा चेहरा पाहून उघडते. आधारचा फोटो दाखवला, मशीन ढिम्म. मग भिंतीवरचा लग्नाचा मोठा फोटो सायकलवर बांधून नेला अन् समोर धरला. मशीननं मागून डोकावणाऱ्या मलेच ओळखलं अन् दरवाजा उघडून देल्ला. ते अंधारात पाहाचा डोळा आहे ना, त्याले कागद चालत नाई, माणूसच लागते. तरी तिले उद्या फक्त पंधरा मिनिटांसाठी पाठवा. काम झालं की मी स्वतः परत गाडीत बसवून देतो.

ता. ता. क. महादेवरावजी, तुमच्या मोतीबिंदूचं मले माहीत आहे. दिवाळीपासून तुमच्या घरी आलेला कागद वाचून दाखवाले दुसऱ्याले बसा लागते, अन् सध्या तुमच्या घरी वाचणारी कोण आहे तेही माहीत आहे. तर कोकिळा, इथपर्यंत वाचलंच आहे तर पुढचं मनात वाच, भावाले नको वाचून दाखवू. मशीनच्या मागं सुईच्या टोकाएवढं एक बटन आहे. ते दहा सेकंद दाबून धरलं की सारे चेहरे पुसल्या जातात अन् कोणालेही मालक करता येते. पुस्तिकेत अठराव्या पानावर आहे. मले हे बुधवारपासूनच माहीत आहे. शकुंतलाबाईले कळलं तर ते आत्ता दाबाले लावंल, म्हणून पुस्तिका तांदळाच्या कोठीत खुपसून ठेवली आहे. बोलाचं नव्हतं ते बोललो, मले माफ कर. पण तुहा चेहरा माह्या हातानं पुसणं मले होणार नाई, साहेब दाराशी येऊन उभा राह्यला तरी होणार नाई. उद्या सव्वानऊच्या गाडीनं येजो. मी आठपासूनच स्टँडवर आहो.