बॅच सतराची गुळपोळी

२७ नोव्हेंबर
राखीव नमुने तपासायचा दिवस. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक बॅचची दोन पाकिटं आमच्या डीप फ्रीजरमध्ये असतात. काही दिवसांनी एक काढायचं, तव्यावर गरम करायचं, रंग-वास-चव लिहायची. माझं काम.
बॅच १७. फ्रोझन गुळपोळी. पहिल्या घासाला काही नाही. दुसऱ्याला दाताखाली शेंगदाणा.
दुसरं पाकीट फोडलं. त्यातही.
लेबलवर गहू, गूळ, तीळ, बेसन, तूप. शेंगदाणा नाही. लेबल तपासून सही मीच केलेली.
माल कंटेनरमध्ये, कंटेनर जहाजावर, जहाजाला न्हावाशेवा सोडून आठवडा झाला. अमेरिकेला पोचायला अजून महिना तरी. संक्रांतीच्या आधी दुकानांत.
सारणावर सुमनमावशी असतात, खर्डा गावाकडच्या. त्यांना विचारलं. सरळ सांगितलं त्यांनी, "त्या दिशी तीळ कमी पडलं. म्हून चटनीच्या खोलीतलं दान्याचं कूट घातलं वाईच. आमच्याकडं घालत्यातच. चांगली लागती का न्हाई?"
चांगली लागते. तीच पंचाईत.

२८ नोव्हें.
मालकांना सांगितलं. मुळे सरांनी दार लावून घेतलं.
"किती पेट्या?"
"साठ."
"बाकीचा माल ठीक?"
"हो. पण सर, ज्याला शेंगदाण्याची अॅलर्जी आहे असं एखादं मूल..."
"माहितीये मला, नस्रीन."
मग म्हणाले, हा आपला दुसराच कंटेनर. एकदा नाव खराब झालं की तिसरा नाही. आत चाळीस बायका आहेत.
मी म्हटलं, तेही माहितीये.
"आयातदाराशी मी बोलतो. तू कुठे बोलू नकोस."
जरा हलकं वाटलं. सर बोलतील.

३० नोव्हें.
जहाजाचं बुकिंग बघणारा मुंबईचा माणूस कंटेनरच्या तापमानाचा रिपोर्ट पाठवतो. सहज विचारलंसं करून विचारलं, वाटेतल्या बंदरात कंटेनर उतरवता येतो का?
हसला. "मॅडम, जहाज म्हणजे एसटी आहे का, हात केला की थांबायला?"
मग विचारलं, काय झालं? काही नाही म्हटलं.
रिपोर्टमध्ये सगळीकडे उणे अठरा. पोळ्या अगदी छान आहेत.

४ डिसेंबर
आज घरी सांगितलं. राहवेना.
अम्मी भाकरी थापत होती. "शेंगदाने खाके कौन मरताय गे?" तिला खरंच पटत नाही. कसं पटेल? भाजीत कूट, चटणीत कूट, शेजारच्या काकूंची उपासाची खिचडी येते त्यात कूट. आमच्या भिंगारमध्ये आजवर शेंगदाण्याने कुणी मेल्याचं ऐकलेलं नाही. कॉलेजात शिकले नसते तर मलाही पटलं नसतं.
अब्बांनी कँटोन्मेंटच्या ऑफिसात तीस वर्षं कारकुनी केली. त्यांनी एकच विचारलं, "लिहून दिलंस?"
"तोंडी सांगितलं."
"मग सांगितलंच नाहीस."

५ डिसें.
सरांना लेखी दिलं. अर्धं पान. घेतलं, ड्रॉवरमध्ये ठेवलं.

९ डिसें.
जहाज आफ्रिकेच्या खाली. आता सुएझ कालव्याने जात नाहीत, सगळा वळसा. मोबाईलवर जहाज कुठे आहे ते दाखवणारा नकाशा, निळ्यावर एक टिकली. सकाळी बघते, जेवणाच्या सुट्टीत बघते, रिक्षात बघते. हललेली दिसत नाही, आणि तरी रोज पुढे गेलेली असते.
सर म्हणाले, "मेल केलाय त्यांना."
बरं.

११ डिसें.
एक व्हिडिओ बघितला, बघायला नको होता. तिकडची एक आई. मुलगी पाच वर्षांची, शेंगदाण्याची अॅलर्जी. पर्समध्ये कायम इंजेक्शन. म्हणते, पाकिटावरचं लेबल वाचल्याशिवाय मी लेकीच्या हातात काही देत नाही.
लेबल वाचून देते ती. मग खात्रीने देईल.

१२ डिसें.
सरांना म्हटलं, तो मेल मला दाखवता का, बॅच नंबर बरोबर गेलाय ना बघते. म्हणाले, फोनवरच बोललो. नऊ तारखेला मेल म्हणाले होते. म्हटलं, कुणाशी बोललात? "नस्रीन, तू माझी उलटतपासणी घेणार का?"
कळलं.
दुपारी दुसरंच ऐकलं. सुमनमावशींना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. नियम मोडला म्हणून. सर मला म्हणाले, "बघ, कारवाई केली की नाही?"
मी हे मागितलं नव्हतं. तसं बोलायला हवं होतं.

१३ डिसें.
सुट्टी झाल्यावर मावशींकडे गेले. एमआयडीसीच्या मागे एक खोली. सामान बांधत होत्या, खर्ड्याला भावाकडे जायचं म्हणाल्या. चहा केला. मला बसायला लाज वाटत होती.
म्हटलं, मावशी, माझ्यामुळे झालं.
"तुज्यामुळं कसं? कूट म्या घातलं."
मग कप खाली ठेवून, "तू इचारलं, म्या खरं सांगितलं. खोटं सांगाया पायजे हुतं व्हय?"
रागाने नाही. खरंच विचारत होत्या. मी त्यांना तिकडच्या अॅलर्जी असलेल्या पोरांचं सांगितलं.
निघताना म्हणाल्या, "त्या पोरांचं बग काय तरी."
म्हणजे माझं सगळं बोलणं ऐकणारं एकच माणूस होतं, आणि तेच काढून टाकलं.

१७ डिसें.
आयातदाराला मेल लिहिला. चार ओळी. इंग्रजी तीनदा तपासलं. पाठवलं नाही.
आज पॅकिंगवरच्या बायका गाणी म्हणत होत्या. त्यातल्या निम्म्यांच्या घरी तेवढाच पगार. त्यांना काय सांगू? विचारू तरी काय?

२२ डिसें.
पाठवला. जेवणाच्या सुट्टीत, संडासाच्या बाहेर उभं राहून, स्वतःच्या मोबाईलवरून.
दोन मिनिटांत उत्तर! आपोआप येणारं उत्तर. नाताळच्या सुट्टीनिमित्त कार्यालय दोन तारखेपर्यंत बंद, तुम्हाला आनंदाचे दिवस वगैरे.
त्यांच्या नंबरला फोन लावला. मशीन. निरोप ठेवला. बॅच सेवेंटीन, बॅच सेवेंटीन असं दोनदा म्हणाले. तिकडे कुणाला माझे उच्चार कळले का कुणास ठाऊक.

२९ डिसें.
जहाज लागलं. टिकली किनाऱ्याला चिकटली. चार दिवस आधीच आलं. एरवी उशीर करतात.

३ जानेवारी
उत्तर आलं. आयातदाराकडच्या एका बाईचं. कळवल्याबद्दल आभार. बॅच कोड आणि पेटीचा फोटो मागितला. आणि विचारलं, हे तुम्ही कंपनीच्या वतीने लिहीत आहात का?
कोड, फोटो लगेच पाठवले. शेवटच्या प्रश्नाला लिहिलं, हे मी तपासलेलं आहे.

४ जाने.
सरांना तिकडून फोन आला असणार. बोलावलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं.
"मला एकदा सांगून तरी लिहायचंस."
"दोनदा सांगितलं, सर. एकदा लेखी."
ड्रॉवरकडे बघितलं त्यांनी. मग म्हणाले, "मला वाटलं होतं, काही होणार नाही. साठ पेट्या. कुठे होतंय."
त्यांचा चेहरा उतरलेला. मला त्यांची कीव आली, मग माझाच राग आला.
पुढच्या कंटेनरची ऑर्डर तिकडून थांबवली आहे. आत अजून कुणाला माहीत नाही.

९ जाने.
त्या बाईचा मेल. साठपैकी अठ्ठेचाळीस पेट्या त्यांच्या कोल्ड स्टोअरेजमध्ये सापडल्या, बाजूला काढल्या. बारा पेट्या सुट्टीतच बंदरावरून थेट दुकानांना गेल्या, संक्रांतीची मागणी म्हणून. बारा दुकानं. सगळ्यांना कळवलं आहे.
मी आठ दिवस आधी पाठवला असता तर. पाच डिसेंबरलाच पाठवला असता तर...

१२ जाने.
नऊ दुकानांनी माल मागे घेतला. तीन दुकानांचं उत्तर नाही.
सर स्वतः त्या तिघांना फोन लावत होते. दुपारभर. आमच्या दुपारी तिकडे कोण उचलणार? मी सांगितलं तसं. म्हणाले, "लावू दे गं."

१४ जाने.
संक्रांत. पॅकिंगवरच्या बायकांना काम कमी का झालं ते आज कळलं. तिळगूळ दिला मला, पण बोलल्या नाहीत. एकीने दिलाच नाही.
सुमनमावशींना फोन केला. बारा दुकानांचं सांगितलं, नऊ जणांनी माल मागे घेतल्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आन् ऱ्हायल्याली तीन?"
तिघांपैकी एकाचंही उत्तर नाही. एका पेटीत वीस पाकिटं.
सहाला सुटले. तिकडे आत्ता सकाळ. थोड्या वेळाने दुकानं उघडतील, मग त्या तिघांना मीच फोन लावते.